प्रोसेसर वजा केल्यावर काय उरतं?

प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र विकणाऱ्या कॉम्बोच्या जाहिरातीत प्रोसेसरचं नाव ठळक असतं आणि मदरबोर्डाचं बारीक. यामागे साधं व्यापारी कारण आहे. घरगुती कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोनच, इंटेल आणि एएमडी. त्यांच्या प्रत्येक मॉडेलचा भाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतो, नसेल तर दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर कळतो. त्या भावात दुकानदाराला हात हलवायला जागा फारशी नसते. बोर्डांचं तसं नाही. एकाच चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपवर, डझनावारी बोर्ड निघतात. त्यांची नावं सारखी दिसतात आणि शेवटच्या एका अक्षरावरून भाव दीड हजाराने वरखाली होतो. कोणता बोर्ड दुकानात किती महिने पडून आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून कॉम्बोतली खरी स्वस्ताई किंवा खरी फसगत बोर्डातच दडलेली असते.

ती शोधायला एक वजाबाकी पुरते. कॉम्बोच्या किमतीतून प्रोसेसरचा सुटा भाव वजा करा. उरेल तो तुम्ही बोर्डासाठी मोजत असलेला पैसा. समजा, कॉम्बो १६,००० रुपयांना आहे आणि तोच प्रोसेसर सुटा ११,००० ला मिळतो. म्हणजे बोर्ड पाच हजाराला पडला. हाच बोर्ड बाहेर साडेपाच हजाराला असेल तर तुमचा फायदा पाचशे रुपयांचा, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. बाहेर साडेचारलाच मिळत असेल तर कॉम्बो महाग आहे. यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हा बोर्ड एकटा समोर ठेवला असता, तर या किमतीला मी तो घेतला असता का?

वजाबाकी करताना दोन्ही बाजू सारख्या धरायला हव्यात. अठरा टक्के जीएसटी दोन्हींकडे मिळवलेला आहे का? प्रोसेसर बॉक्स पीस आहे की ट्रे पीस? बॉक्स पीस म्हणजे कंपनीचं सीलबंद खोकं. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि मध्यम मॉडेलांसोबत पंखाही येतो. रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ यांच्या खोक्यात तो असतो. ट्रे पीस म्हणजे कॉम्प्युटर जोडणाऱ्या कंपन्यांसाठी घाऊक आलेला माल. त्यात पंखा नसतो आणि वॉरंटी बहुधा दुकानदार देईल तेवढीच. ट्रे पीसचा कॉम्बो बॉक्स पीसच्या भावाशी ताडून पाहिला, तर तो स्वस्त दिसणारच.

प्रोसेसरसोबत बोर्ड जवळजवळ फुकट देण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेत फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स नावाची दुकानांची मोठी साखळी होती. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही साखळी फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद पडली. या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतः कॉम्प्युटर जोडणारी मंडळी वर्तमानपत्रातल्या तिच्या जाहिरातींवर डोळा ठेवून असत. प्रोसेसर आणि तैवानच्या ईसीएस कंपनीचा बोर्ड, दोन्ही मिळून किंमत कित्येकदा नुसत्या प्रोसेसरच्या आसपास. अनेकांनी तो बोर्ड काढून ठेवला आणि नुसता प्रोसेसर वापरला. तरीही ईसीएसचे सगळे बोर्ड टाकाऊ होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००१ मध्ये आलेला त्यांचा के७एस५ए हा बोर्ड एएमडीचा प्रोसेसर घेणाऱ्यांना फार मोठा आधार ठरला. त्यावर जुन्या एसडीरॅमचे दोन स्लॉट होते आणि नव्या डीडीआरचेही दोन. ज्याच्याकडे जुनी रॅम होती, त्याला प्रोसेसर आणि बोर्ड तेवढे बदलून काम भागवता येई आणि पुढे पैसे जमले की त्याच बोर्डावर डीडीआर लावता येई. हा बोर्ड स्वस्त तर होताच, पण गरिबाच्या खिशाचा विचार त्याच्या रचनेतच होता. कॉम्बोची खरी किंमत कशात असते, हे मला या एका उदाहरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

त्याच काळाने स्वस्त बोर्डांची दुसरी बाजूही दाखवली. १९९९ ते २००७ च्या दरम्यान बनलेल्या लाखो बोर्डांवरचे कपॅसिटर दोन-तीन वर्षांतच फुगू लागले. आतला द्राव सदोष होता. डोकं फुगायचं, चिकट तपकिरी द्राव बाहेर यायचा आणि मशीन वाटेल तेव्हा बंद पडायचं. हा रोग स्वस्त ब्रँडपुरता राहिला नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेला त्याचा असा फटका बसला की २००५ मध्ये कंपनीला दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आज बहुतेक बोर्डांवर, निदान प्रोसेसरभोवती, घन कपॅसिटर असतात आणि तो विशिष्ट दोष मागे पडला आहे. पण बोर्डावरचा सगळ्यात स्वस्त भाग सगळ्यात महाग भागाला बंद पाडू शकतो, ही गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे.

आज ही जागा वीज पुरवणाऱ्या मंडलाने घेतली आहे. कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून, म्हणजे एसएमपीएसकडून, बोर्डाला १२ व्होल्टची वीज येते आणि प्रोसेसरला लागते साधारण एक-सव्वा व्होल्टची. हे रूपांतर बोर्डावर, सॉकेटच्या शेजारी होतं. या भागाला व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. आय५-१२४०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असतात, पण तो ताकद लावतो तेव्हा इंटेलच्याच आकड्यांनुसार ११७ वॅटपर्यंत जातो. १.२ व्होल्टला ११७ वॅट म्हणजे जवळजवळ शंभर अँपिअर! घरातला दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आतबाहेर घेतो. हा शंभर अँपिअरचा प्रवाह नखाएवढ्या चिपांमधून जातो आणि त्या तापतात. चांगल्या बोर्डावर त्यांची संख्या जास्त असते आणि वर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवलेला असतो. सगळ्यात स्वस्त बोर्डावर त्या उघड्याच असतात.

उघड्या चिपा आणि मोठा प्रोसेसर एकत्र आले की मशीन जळत नाही, मंदावतं. बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. काही बोर्डांवर कंपनीने मुळातच वॅटची मर्यादा कमी ठेवलेली असते. गिऱ्हाइकाला यातलं काहीच कळत नाही. ब्राउझर, एक्सेल, गाणी सगळं व्यवस्थित चालतं. व्हिडिओ एडिट करून शेवटी फाइल बनवायला लावली की दहा मिनिटांनी वेग घसरतो आणि माणूस दोष प्रोसेसरला देतो. म्हणून ‘आय७ आणि एच६१० बोर्ड’, म्हणजे मोठा प्रोसेसर आणि इंटेलच्या सगळ्यात साध्या चिपसेटचा बोर्ड, हा कॉम्बो मला पटत नाही. आय७-१२७०० ला भर कामात १८० वॅटपर्यंत लागतात. ते त्याला मिळणार नसतील तर आय७ चे पैसे कशाचे मोजायचे? उलट आय३-१२१०० आणि एच६१० ही जोडी उत्तम आहे. हा चार कोअरचा प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो आणि तेवढं साधा बोर्डही बिनतक्रार देतो. ज्याला आठवीतल्या मुलासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी मशीन हवं आहे, त्याला ही जोडी पुष्कळ वर्षं पुरेल.

एच६१० घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. या चिपसेटवर रॅमचे स्लॉट दोनच असतात. तेव्हा आज आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, तर पुढे वाढवताना एक काढून टाकावी लागेल. शिवाय एसएसडीसाठीचा एम.२ स्लॉट असलाच तर तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाचा असतो, आणि काही अगदी स्वस्त बोर्डांवर तो नसतोच. बोर्डाचा फोटो मोठा करून पाहिला तर हे सगळं दिसतं.

आता प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे वळू. कॉम्बोच्या बाजारात सगळ्यात जास्त निराशा या अक्षरांनी केली आहे. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीही उमटणार नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयची खाच असूनही ती मुकी राहते. १२१००एफचा कॉम्बो १२१०० पेक्षा स्वस्त असतो तो यामुळेच. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने एफ जरूर घ्यावा. ज्याच्याकडे नाही, त्याला ती बचत पहिल्याच संध्याकाळी परत करावी लागते, वर कार्डाचे पैसे वेगळे.

एएमडीच्या रायझन ५ मालिकेतले ५५००, ५६०० आणि ५६००जी हे तिघे सख्खे भाऊ वाटतात. तिघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड. पण ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश आहे, बाकी दोघांत १६. गेममध्ये हा फरक चांगला जाणवतो. ग्राफिक्स आहे ते फक्त ५६००जी मध्ये. आणि पीसीआय एक्स्प्रेसची चौथी पिढी फक्त ५६०० ला येते, तीही बोर्ड बी५५० किंवा एक्स५७० असेल तरच. ए५२० आणि बी४५० तिसऱ्या पिढीवर थांबतात. एरवी या शेवटच्या मुद्द्याकडे काणाडोळा केला तरी चालतं, पण स्वस्त ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे चार जीबीचं कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर बोलतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते ठीक चालतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर वाट अर्धी अरुंद होते आणि कित्येक गेममध्ये वेग ठळकपणे पडतो. स्वस्त कार्ड ज्या स्वस्त बोर्डांवर लागणार, त्याच बोर्डांवर ते अपंग व्हावं, हे मला त्या कार्डाच्या रचनेतलं अक्षम्य दुर्लक्ष वाटतं.

बोर्डाचा भाव ठरवताना ‘पुढची वाट’, म्हणजे त्याच बोर्डावर नंतर नवा प्रोसेसर लावण्याची सोय, किती धरायची, यावर दोन मतं आहेत. २०१७ च्या उत्तरार्धात मशीन घेणाऱ्या दोघांचं उदाहरण घेऊ. एकाने आय३-७१०० आणि इंटेलचा एच११० बोर्ड घेतला. दुसऱ्याने रायझन ३ १२०० आणि बी३५० बोर्ड. दोन्ही प्रोसेसर शंभर-सव्वाशे डॉलरच्या वर्गातले. पहिल्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं, दुसऱ्याला कार्ड घ्यावं लागलं. म्हणजे त्या दिवशी पहिला सौदा शहाणपणाचा होता. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने आठवी पिढी आणली. सॉकेट त्याच ११५१ पायांचा, तरी जुन्या बोर्डांवर ती चालणार नाही असं ठरलं. त्यामुळे पहिल्याला फार तर सातव्या पिढीचा आय७ लावता आला.

दुसऱ्याची कथा लांबत गेली. एएमडीचा एएम४ सॉकेट चालूच राहिला. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढची रायझन ५००० मालिका फक्त ५०० क्रमांकाच्या चिपसेटवर चालेल. कारण असं सांगितलं की बहुतेक जुन्या बोर्डांवरच्या बायोसच्या (मशीन सुरू करून प्रोसेसर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चिपमध्ये १६ एमबीच जागा आहे आणि इतक्या प्रोसेसरांची माहिती तीत मावत नाही. काही महिन्यांपूर्वीच बी४५० बोर्ड घेतलेले लोक जगभर खवळले, आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीने बी४५० आणि एक्स४७० ला मुभा दिली. मार्च २०२२ मध्ये तर ३०० क्रमांकाच्या बोर्डांनाही ती मिळाली. जागा करण्यासाठी काही बोर्ड कंपन्यांनी बायोसमधली चित्रं काढून साधा मेनू दिला, काहींनी जुन्या प्रोसेसरांची नावं वगळली. परिणाम असा की २०१७ चा बी३५० बोर्ड असलेला माणूस, बोर्ड कंपनीने बायोस दिला असेल तर, त्यावर ५६०० किंवा आठ कोअरचा ५८००एक्स३डी लावू शकला. बोर्ड, रॅम, विंडोज तेच. ग्राहकांनी आवाज उठवला म्हणून लाखो चांगले बोर्ड कचऱ्यात गेले नाहीत, याचं मला मनापासून समाधान आहे.

तरीही या कथेवरून ‘वाट असलेलाच बोर्ड घ्या’ असा नियम मी करणार नाही. घरोघरी पाहिलं तर बहुतेक लोक प्रोसेसर कधीच बदलत नाहीत. मशीन थकलं की पूर्ण नवं घेतात. त्यांच्यासाठी वाटेची किंमत शून्य आहे. आजची चालू वाट एएम५ ची आहे. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडी सांगते. जो चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा खरोखर विचार करतो, त्याने एएम५ बोर्डासाठी दीड-दोन हजार जास्त मोजावेत. बाकीच्यांनी ते पैसे रॅम आणि एसएसडीत घालावेत.

रॅमचा विषय आता वजाबाकीत धरावाच लागतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन खेचून घेतलं आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या असतील, तर त्या लागतील असा कॉम्बो तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त मोलाचा आहे. एएम४ चे सगळे बोर्ड डीडीआर४ चे आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात आणि नावं जवळजवळ सारखी असतात, तेव्हा ‘डी४’ आहे का ते वाचून घ्यावं. के७एस५ए ने चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी जी सोय केली, तीच सोय आज एखादा डीडीआर४ चा बी६६० करतो आहे.

राहिला सगळ्यात स्वस्त थर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन बाजारापर्यंत एच६१ चा ‘नवा कोरा’ बोर्ड आणि आय५ यांचा कॉम्बो फारच कमी पैशांत मिळतो. बोर्ड खरंच नवा बनवलेला असतो, पण एच६१ हा चिपसेट २०११ चा आहे. त्यावर बसणारा आय५ दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ मधला, कुठल्या तरी ऑफिसच्या मशीनमधून निघालेला. जाहिरातीत फक्त ‘आय५’ लिहितात, पिढी सांगत नाहीत. रॅम डीडीआर३, दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. साटा जुन्या वेगाची, त्यामुळे एसएसडी अर्ध्या वेगाने चालते. टायपिंग, बिलं आणि यूट्यूब एवढं यावर होतं. मात्र विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचाच इंटेल चालतो, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार होणार असतील, तर सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारं विंडोज हा मोठा धोका आहे. लिनक्स वापरायची तयारी असेल तर ठीक. नाही तर माझा स्पष्ट सल्ला असा: थोडे जास्त पैसे घालून कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेलं, आय५-८५०० सारखं आठव्या पिढीचं अख्खं रिफर्बिश्ड मशीन घ्या. सहा कोअर, कॅबिनेट, एसएमपीएस आणि विंडोज ११ ची पात्रता, सगळं एकत्र मिळतं.

याच थरात एक्स९९ बोर्ड आणि झिऑन प्रोसेसर असेही कॉम्बो येतात. ई५-२६८० व्ही४ मध्ये चौदा कोअर आहेत, हे ऐकून तरुण मुलं भाळतात. हे प्रोसेसर निवृत्त सर्व्हरांतले. बोर्ड फारशा नावाजलेल्या नसलेल्या चिनी कंपन्यांचे. नाव एक्स९९ असलं तरी कित्येकांवर चिपसेट भलताच, जुन्या बोर्डांवरून काढून लावलेला असतो. झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही. कोअर पुष्कळ, पण प्रत्येक कोअर आजच्या आय३ पुढे हळू. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला, बोर्ड बंद पडला तर दुसरा आणायची तयारी असेल तर, हा सौदा परवडतो. गेमसाठी नाही. विजेचाही हिशेब करा. असं मशीन सरासरी ४० वॅट जास्त घेत असेल आणि रोज आठ तास, वर्षातले ३०० दिवस चालत असेल, तर ९६ युनिट जास्त जातात. दहा रुपये युनिटने तीन वर्षांत जवळपास तीन हजार रुपये होतात. ते कॉम्बोच्या किमतीत मिळवून मग तुलना करावी.

जुना माल घेताना इंटेलच्या बोर्डाचं सॉकेटवरचं झाकण काढून उजेडात तिरपं धरा. पिना बोर्डावर असतात आणि एक वाकडी पिन बोर्ड निकामी करू शकते. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात, तिथे प्रोसेसर उलटा करून बघा. नव्या बोर्डात बायोस तुमच्या प्रोसेसरला ओळखण्याइतका ताजा आहे का, ते दुकानातच मशीन सुरू करून दाखवायला सांगा. सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम प्रोसेसर, बोर्ड आणि बायोसची तारीख दाखवतो. आणि बिलावर ‘इंटेल कॉम्बो’ असं मोघम लिहून घेऊ नका. प्रोसेसरचं आणि बोर्डाचं पूर्ण मॉडेल, दोघांचे सीरियल नंबर आणि दोघांची वॉरंटी वेगवेगळ्या ओळींत लिहून मिळत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.